कमाल भार : चार व्यक्ती

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधन, सध्या काही नाही, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाचेही दडपण नसताना लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनाचा दाखला मिळत नाही, म्हणून त्याबद्दल मीच सांगते. माझे यजमान जाऊन चार वर्षे झाली. (त्यांचा उल्लेख यापुढे ‘हे’ असा येईल, कारण मी त्यांना दुसरे काही कधी म्हटले नाही.) तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही. रडू येत नाही, राग येत नाही. जेवण होते, झोप लागते, गोळ्या घेते. कोणी हसले की आपणही हसायचे असते, एवढे लक्षात ठेवावे लागते. म्हातारीने भावनेच्या भरात लिहिले असे पुढे कोणी म्हणू नये, म्हणून ही नोंद.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. हे घर विकावे आणि आलेले पैसे माझी लेक आणि माझा मुलगा यांनी निम्मे निम्मे घ्यावेत, असे त्यात होते. ते मी या कागदाने रद्द करत आहे. का, ते कलम सहामध्ये येईल. वाचणाऱ्याने एकदम तिथे उडी मारू नये. मी जन्मभर लोकांचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला, माझा एकदा तसा वाचावा.

कलम १. माझ्या पश्चात माझी माणसे अशी.

थोरली लेक. शाळेत गणित शिकवते. मनाने स्वच्छ, जिभेने फटकळ. तिचे यजमान, म्हणजे आमचे जावई, विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करतात. काय मोडले आणि कोणामुळे मोडले हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळतो. धाकटा मुलगा, दुसऱ्या शहरात नोकरीला. बदली झाली असे तो सांगतो. बदली त्याने मागून घेतली हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. आणि त्याची बायको, माझी सून. दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि माझ्याजवळ राहते. मुलगा अधूनमधून येतो, पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत झोपतो आणि जातो. सुनेला मूलबाळ नाही, माहेरी आता कोणी उरलेले नाही. मी गेल्यावर घर विकले तर तिने कुठे जायचे, असे मी पहिल्या मृत्युपत्राच्या वेळी विचारले होते. थोरली म्हणाली, “तिचं ती बघेल.” मी त्यावर सही केली.

कलम २. माझ्या धंद्याच्या वस्तू.

तिन्ही शब्दकोश थोरलीने घ्यावेत. मधल्याची बांधणी सुटली आहे, तो उघडताना खाली हात धरावा. लाल पेने सुकली असतील, ती टाकून द्यावीत. छापखान्याने निरोपाला दिलेले भिंतीवरचे घड्याळ मालकांच्या मुलाला परत करावे. ते पहिल्या दिवसापासून मागे पडते. इतकी वर्षे मी ते कौतुकाने सहन केले असे त्याला वाटत असेल, तर तसे नाही.

माझी कामाची पद्धत इथे सांगून ठेवते, कारण हा कागद वाचताना ती लागेल. नको असलेल्या शब्दावर आम्ही काट मारतो. काट मारल्यावर कळले की तो शब्द हवाच होता, तर त्याच्याखाली ठिपके देतो. ठिपके दिसले की खिळे जुळवणारा जुळारी समजतो, काट चुकली, मजकूर राहू द्यायचा.

हे गेले तेव्हा वर्तमानपत्रात द्यायच्या निवेदनाचा कच्चा कागद जावयांनी माझ्यापुढे धरला. त्यात ‘दुःखद निधन’ऐवजी ‘सुखद निधन’ असे आले होते. मी पेन मागितले, दुरुस्ती केली, स्वल्पविराम हलवला आणि कागद परत दिला. आई किती खंबीर आहे, असे जावई बाहेर सगळ्यांना सांगत होते. मला फक्त चूक दिसली होती.

कलम ३. किरकोळ हिशेब.

वरच्या मजल्यावरच्यांनी आमची शिडी दिवे बदलायला नेली, ती अजून त्यांच्याकडेच आहे. ती मी त्यांना बक्षीस दिली असे समजावे, म्हणजे ते उगाच चोर ठरणार नाहीत. माझ्या नणंदेने सासूबाईंची पत्र्याची पेटी नेली आणि त्या स्वतःच ती देऊन गेल्या असे सांगितले. सासूबाई तेव्हा बेशुद्ध होत्या. पेटी नणंदेकडेच राहावी. त्या पेटीची कडी हाताला चावते, हे तिला एव्हाना कळले असेल.

कलम ४. बँकेत जे असेल ते लेक आणि मुलगा यांनी सारखे वाटून घ्यावे. भांडावे इतके ते नाही.

कलम ५. यांची हत्यारे आणि कपडे धुण्याचे मशीन.

हत्यारांची पेटी मुलाने न्यावी. त्याला ती वापरता येत नाहीत, पण यांची तशी इच्छा होती.

मशीनबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. ते न्हाणीघरात आहे. वरून झाकण उघडणारे, आत पत्र्याची टाकी, टाकीच्या मधोमध कपडे घुसळणारा खांब. हे लिफ्ट दुरुस्त करत. एका वसतिगृहातली लिफ्ट बघायला गेले आणि तिथे टाकायला काढलेले हे मशीन हातगाडीवर घालून घरी आले. थोरली तेव्हा रांगत होती. आता तिचे गुडघे दुखतात आणि मशीन चालू आहे.

भार हा यांच्या आयुष्याचा विषय. “यंत्र आपणहून मरत नाही, त्याला कोंबून कोंबून मारतात,” असे म्हणायचे. एका जुन्या इमारतीतली लिफ्ट भंगारात निघाली तेव्हा तिच्यातली पितळी पाटी यांनी घरी आणली आणि मशीनच्या झाकणाला आतून स्क्रूने बसवली. ‘कमाल भार : चार व्यक्ती’. झाकण उघडले की पाटी थेट डोळ्यांसमोर येते. तेव्हापासून आमच्याकडे धुणे माणसांत मोजतात. चादर म्हणजे एक व्यक्ती. दोन सदरे मिळून एक. जाड पँट एक, पातळ अर्धी. मोजे आणि रुमाल ही पोरेबाळे, ती मोठ्यांच्या कडेवर. रजई मात्र एकटीच चार. ती आत असताना दुसऱ्या कोणी चढायचे नाही. मुले शाळेत जाऊन हा हिशेब सांगायची आणि बाई आम्हाला बोलावून विचारायच्या की घरी सगळे ठीक आहे ना.

सून आली तेव्हा तिला या सगळ्याचे हसू यायचे. ती मशीन डब्यासारखे ठासून भरायची, वरून दोन्ही हातांनी दाबायची. हे दारात येऊन उभे राहायचे.

“सूनबाई, आत किती माणसं आहेत?”

“पाच, बाबा. पण त्यातलं एक लहान आहे.”

“लहान असलं तरी त्याला उभं राहायला जागा लागते. एकाला उतरव.”

ती एक चादर उतरवायची. यांची पाठ वळली की परत चढवायची. यांना ते कळायचे, कारण पाण्यात नीट फिरता न आलेले कपडे कोरड्या घड्या घेऊन बाहेर येतात, साबणाची पूड तशीच चिकटलेली. मग दोघांचा वाद व्हायचा. सासरा-सुनेचा इतका मजेचा वाद मी दुसऱ्या घरात पाहिला नाही.

आमचा मशीनवाला, जो यांच्यानंतरही याची देखभाल करतो, तो म्हणतो की नवी मशिने जास्त झाले की थांबतात आणि ओरडतात. हे जुने ओरडत नाही. द्याल ते घेते. आत पट्टा घसरतो, बेअरिंग झिजते, पण तक्रारीचा शब्द नाही. टिकते ते यामुळेच आणि त्याचा भरवसा नाही तोही यामुळेच. दुरुस्तीपायी नाकापेक्षा मोती जड झाला आहे, नवे घ्या, असे जावई दरवर्षी सांगायचे आणि हे दरवर्षी विषय बदलायचे.

त्याची एक खोड होती. भार एका बाजूला गेला की कपडे पिळताना ते थरथरत जागा सोडायचे आणि फरशीवरून सरकत निघायचे. “मशीन फिरायला निघालं,” असे आम्ही म्हणायचो आणि कोणीतरी जाऊन त्याच्यावर बसायचे. बहुतेक वेळा हेच बसायचे, वर्तमानपत्र घेऊन. पायांना नवे रबर बसवू या, असे मशीनवाल्याने कितीदा सांगितले. भार नीट ठेवला तर रबर लागत नाही, हे यांचे उत्तर. त्यावर कोणाचे काही चालले नाही.

कलम ६. हे गेले तो दिवस.

सकाळी मी खाली चष्मेवाल्यांच्या दुकानात डोळे तपासायला गेले होते. तिसरी ओळ वाचत असताना जिन्यातून सुनेची हाक आली. चष्मेवाले माझ्या नाकावरची चाचणीची जड फ्रेम काढायचे विसरले आणि मी ती तशीच घालून वर गेले. त्यामुळे त्या सकाळचे मला जे आठवते ते सगळे जरा मोठे आणि कडेला पुसट आहे.

आमच्या न्हाणीघराचे दार आत उघडते. मशीन त्या दाराशेजारच्या भिंतीला. हे आत मशीन लावून उभे होते. पिळताना मशीन चालत आले आणि दाराला आतून टेकले. हे पलीकडे खाली पडलेले होते, हाकेला ओ देत नव्हते. सून आणि चष्मेवाले दार ढकलत राहिले. दार बोटभर उघडायचे आणि अडायचे. शेवटी सुताराने येऊन वरची फळी कापली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले, खाली पडण्याआधीच सगळे संपले असणार. दार सताड उघडे असते तरी काही वेगळे झाले नसते. हे त्यांनी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितले. पण अशा वेळी दोष द्यायला माणूस लागते.

संध्याकाळी जावयांनी धंद्याच्या सवयीने मशीनचे झाकण उघडले, आत पाहिले आणि विचारले, “एवढी रजई कोंबली कोणी? शिवाय वरून चादर, पायजमे?” सगळ्यांनी सुनेकडे पाहिले. कोंबायची सवय तिचीच.

“मी नाही घातली,” सून म्हणाली.

“मग कोणी? बाबांनी?” थोरली म्हणाली. “एक रुमाल जास्त झाला तर मशीन बंद करणाऱ्या माणसानं?”

सून काहीतरी बोलणार होती. थांबली. त्यानंतर ती या विषयावर पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिचे न बोलणे ही कबुली आहे असे सगळ्यांनी धरले. “तिच्याकडे पाहिलं की मला ते दार दिसतं,” असे मुलगा मला म्हणाला आणि मग त्याची बदली झाली. मी तिला दोष दिला नाही. तिची बाजूही घेतली नाही. मला दोन्ही जमले नाही.

मशीनमधले धुणे मीच काढले, कारण त्याला वास यायला लागला होता. यांची रजई, तिची खोळ, गादीवरची चादर, यांचे दोन पायजमे. पुन्हा धुतले, वाळत घातले, घड्या करून कपाटात ठेवले. मी चुका शोधून पोट भरलेली बाई. एवढे सगळे माझ्या दोन्ही हातांतून गेले आणि मला त्यात काही दिसले नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. एका सकाळी मला जाग आली तेव्हा माझे अंथरूण ओले होते. असे पहिल्यांदाच झाले. या वयात होते, डॉक्टरांना विचारले आहे. सून उठायच्या आत मी रजई, चादर, गाऊन असे सगळे कवेत घेतले आणि न्हाणीघरात गेले. एकेक करायला वेळ नव्हता. कोणी पाहायच्या आत सगळे पाण्याखाली जायला हवे होते, एवढेच डोक्यात. रजई आत जाईना. मी ती दोन्ही हातांनी दाबली, मग कोपराने दाबली. वर पाहिले तर समोर पाटी.

मी तिथल्या स्टुलावर बसले. रजई, चादर, पायजम्यांच्या जागी गाऊन. तेच धुणे. मी ते चार वर्षांपूर्वी वाळत घातले होते.

सून आली. केस अर्धे विंचरलेले, कंगवा हातात. तिने मशीनमध्ये पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही.

“आई, जरा सरका,” म्हणाली आणि रजई बाहेर ओढली. “ही एकटीच चार माणसं आहे. दोनदा लावू.”

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

“काय?”

“यांचं.”

तिने नळ सोडला. पाणी भरू दिले.

“पहिल्यांदा झालं तेव्हा बाबा इथेच उभे होते,” मग म्हणाली. “पायजमा हातात धरून. मी म्हटलं, द्या इकडे. त्यानंतर तुम्ही खाली गेलात, बाजारात गेलात, की आम्ही लावायचो. रजई वेगळी, बाकीचं वेगळं. त्या दिवशी मला म्हणाले, तू तुझा डबा भर, दवाखान्यात उशीर होईल, आज मी बघतो. तुम्ही चष्मेवाल्यांकडून लगेच येणार होतात. दोनदा लावायला वेळ नव्हता त्यांना.”

“मग त्या संध्याकाळी सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार? जावई होते, शेजारीपाजारी होते. बाबा अजून घरात होते.”

“नंतर तरी?”

“कुणाला बोलू नकोस, असं म्हणाले होते. मी गेल्यावर बोल, असं काही म्हणाले नव्हते.”

तिने झाकण लावले, माझा ओला गाऊन वेगळ्या बादलीत टाकला आणि केस विंचरायला गेली. जाताना म्हणाली, “चहा टाकते. तुम्ही आधी कोरडं नेसून घ्या.”

त्या वेळी मला काय वाटले हे सांगता येत नाही. मशीन थांबल्यावर मी बराच वेळ झाकण उघडले नाही, एवढे सांगता येते.

हे दुसऱ्या खोलीत झोपायचे, घोरतात म्हणून. ते माझ्यापासून लपवून काय करत होते हे मला कळले नाही आणि विचारायचे सुचले नाही. संसार इतक्या वर्षांचा, पण यांनी हे सुनेला सांगितले आणि मला नाही. मी असते तर पायजमा बघून काय म्हणाले असते? काहीतरी बोलले असतेच. उचलली जीभ, लावली टाळ्याला, ही माझी त्या वेळची सवय. यांनी माणूस बरोबर निवडले.

वकिलांनी हे कलम गाळायला सुचवले. मृत्युपत्रात मिळकत लिहावी, धुणे लिहू नये, असे ते म्हणाले. सूनही लिहू नका म्हणते. थोरलीला वाटेल, आईने मेलेल्या माणसाची लाज चव्हाट्यावर मांडली. म्हणून माझीही त्याच ठिकाणी लिहिली आहे. या कागदावर ती यांची एकट्याची नाही.

तेव्हा मी जाहीर करते की त्या दिवशी मशीनमध्ये रजई आणि बाकीचे सगळे माझ्या यजमानांनी स्वतः घातले. माझ्या सुनेने घातले नाही. चार वर्षे जे धरले गेले ते चूक आहे.

कलम ७. राहते घर.

हे घर आम्ही दोघांनी कष्टाने घेतले आणि यांच्या पश्चात ते कायदेशीररीत्या माझ्या एकटीच्या नावावर झाले आहे. ते संपूर्ण घर, आतल्या सामानासह, मी माझ्या सुनेला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिने ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावून फिरायला जावे. तिला कोणी कारण विचारू नये. लेक, मुलगा, जावई किंवा त्यांच्यातर्फे दुसऱ्या कोणी हक्क सांगितल्यास तो या कागदापुढे रद्द समजावा.

मुलगा परत येऊन राहणार असेल तर तो सुनेच्या मर्जीने राहील. त्याला अजून ते दार दिसत असेल, तर त्याने ते बाहेर उघडेल असे करून घ्यावे. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. चार वर्षांत आम्हा कोणालाही ते सुचले नाही.

थोरलीवर माझा राग नाही. तिने उत्तर तपासले, उदाहरण नीट वाचले नाही. तिच्या वर्गातली मुले परीक्षेत हेच करतात आणि ती त्यांचे गुण कापते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. ती काटेकोर आहे. शिवाय घराचे कागद सुनेच्या हातात तिच्याच हाताने जावेत असे मला वाटते. हे वाटणे मी नीट तपासून पाहिले. आहे.

सुनेची कोणी माफी मागावी अशी अट मी घालत नाही. अट घालून मागवलेल्या माफीला काही अर्थ नसतो. कलम सहा थोरलीने भावाला आणि जावयांना मोठ्याने वाचून दाखवावे, मधल्या ओळी न गाळता. त्या वेळी सून खोलीत नसावी. तिला ते ऐकवणार नाही.

कलम ८. शेवटच्या सूचना.

मशीन घराबरोबर सुनेचे. मशीनवाल्याने पायांना नवे रबर बसवले आहे, गेल्याच आठवड्यात, मी सांगितले म्हणून. आता ते जागचे हलत नाही. तिला नको असेल तर भंगारात द्यावे. आठवण म्हणून कोणी त्याचा भार वाहू नये. पाटी मात्र आधी काढून घ्यावी. ती थोरलीने न्यावी आणि स्वतःच्या घरी कुठे लावायची ते ठरवावे.

माझे डोळे कोणाच्या उपयोगी पडत असतील तर द्यावेत. चष्मेवाल्यांचे मत आहे की पडणार नाहीत. विचारून पाहायला हरकत नाही.

मी गेले की घरातले धुणे निघेल. थोरली मदतीला येईल, तिला घाई असेल, ती सगळे एकदम उचलेल. माझी रजई वेगळी लावावी.

येणेप्रमाणे लिहिलेले मी स्वतः वाचले, दोनदा वाचले, आणि समजून सही केली.

ठिकाण : राहत्या घरी, स्वयंपाकघर.
दिनांक : नऊ नोव्हेंबर, रविवार, दुपारी.

सही : ..............................
(मृत्युपत्र करणारी)

आम्ही खाली सह्या करणारे असे लिहून देतो की वरील बाईंनी आमच्या देखत सही केली, त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, आणि सही करण्याआधी त्यांनी आमच्या मजकुरातली ‘शुध्दी’ची ‘शुद्धी’ करून दिली.

साक्षीदार पहिले, सही : ..............................
(खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले)

साक्षीदार दुसरे, सही : ..............................
(मशीनवाला, आमच्याकडे येण्यास सुरुवात केली तेव्हापासून हेच नाव)

खाडाखोडीबद्दल खुलासा.

हा कागद काल लिहून झाल्यावर मी तो टेबलावर ठेवला आणि गोळ्या आणायला गेले. परत आले तेव्हा कलम सहामध्ये, “पहिल्यांदा झालं तेव्हा बाबा इथेच उभे होते” इथपासून ते “माझ्या सुनेने घातले नाही” इथपर्यंत, प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने काट मारलेली होती. पट्टी धरून, सरळ. कलम सातला, ज्यात घर आहे, हात लावलेला नव्हता. घर मिळते की नाही हेही तिने वाचलेले दिसत नाही, कारण पान उलटलेले नव्हते. सून दवाखान्यात गेलेली होती. ओट्यावर माझा चहा झाकून ठेवलेला होता.

नवा कागद करता आला असता. मी केला नाही. काट तशीच आहे आणि तिच्याखाली, प्रत्येक शब्दाखाली, मी लाल शाईने ठिपके दिले आहेत. एक पेन सुकायचे राहिले होते. ठिपक्यांवर दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत.

काट सुनेची आहे. तिने यांना शब्द दिला होता. ठिपके माझे आहेत. मी दिला नव्हता.